संग्रहातली कीड ओळखा तिच्या खुणांवरून

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत पोथ्या, पैठण्या आणि लाकडी वस्तूंचा संग्रह मी सांभाळते. कीड दिसली की पहिला हात फवाऱ्याकडे जातो. तो आवरा. आधी कीड कोणती ते पाहा, कारण प्रत्येकीचं येण्याचं कारण वेगळं.

दहापट भिंग, टॉर्च, पांढरा कागद आणि चिकट सापळे एवढं पुरतं. टॉर्च आडवा धरा, तिरप्या उजेडात भुकटी आणि टाकलेली कात उठून दिसते. शंका असलेल्या पोथीखाली आठवडाभर कागद अंथरा. तोवर पोथी हलवू नका, नाहीतर जुनी भुकटीही झडते. ताजी भुकटी पडली तर आत कीड जिवंत आहे.

कागद वरवर खरवडलेला, कडा कुरतडलेल्या, तर ती कसर. बांधणीत एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील तर तपकिरी भुंगेरे. पंखांवर रेघा आणि मिशांच्या टोकाला तीन जाड पेरं असली तर ड्रगस्टोअर बीटल. पंख गुळगुळीत आणि मिशा दातेरी असल्या तर सिगारेट बीटल. दोघंही हळद-धण्यात वाढतात, म्हणून शेजारच्या पँट्रीतले डबेही उघडून बघा.

पावसाळ्यात जेमतेम मिलिमीटरभर, फिकट, झटक्याझटक्याने पळणारे बुकलाइस दिसतात. ते बुरशीवर जगतात. औषध मारून उपयोग नाही, ओल काढा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आर्द्रता साठ टक्क्यांखाली ठेवा.

मला सर्वात धास्ती कार्पेट बीटलची. त्याची केसाळ अळी रेशीम, लोकर, पिसं खाते; पैठणीच्या घडीत बहुधा तिची पोकळ, केसाळ कातच सापडते. मोठा झालेला ठिपकेदार भुंगेरा मात्र उजेडाकडे जातो, म्हणून खिडकीचा कठडा रोज बघा. तिथे तो मेलेला सापडला तर बाहेर एसीच्या मागे कबुतराचं घरटं आहे का ते तपासा. घरट्यातली पिसं आणि मेलेले किडे यांवर त्याची अळी पोसते. घरटं रिकामं झाल्यावर लगेच काढा आणि जाळी लावा.

लाकडाखाली पिठूळ भुकटी म्हणजे भुंगा. खसखशीसारखे कोरडे दाणे म्हणजे सुक्या लाकडातली वाळवी.

सापळे भिंत आणि जमीन यांच्या सांध्यात ठेवा, त्यांवर जागा आणि तारीख लिहा. किडा ओळखू आला नाही तर सेलोटेपने चिकटवू नका, पाय-मिशा तुटतात. छोट्या बाटलीत ठेवा, पट्टीशेजारी वरून आणि बाजूने फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.