पबमध्ये रियल एल मागवताना

लंडनला कोव्हेंट गार्डनजवळच्या 'द हार्प'सारख्या जुन्या पबमध्ये गेलात तर टेबलवर बसून वेटरची वाट बघू नका, थेट बारवर जाऊन सांगायचं. काउंटरवर उंच दांडे दिसतात ना, ते हँडपंप, रियल एल म्हणजे पारंपरिक ब्रिटिश बिअर त्यातूनच येते. दांड्यावरची पाटी उलटी फिरवली असेल तर ती बिअर संपलीये किंवा अजून लावलेली नाही. आधी थोडी चव बघायला मागा, बिनधास्त, बहुतेक ठिकाणी फुकट देतात. ही बिअर पिंपातच यीस्टवर मुरते, वरून गॅस मारत नाहीत, आणि देतात ११ ते १३ डिग्रीला, त्यामुळे कोमट वाटली म्हणून परत करू नका, तिची खरी चव याच तापमानाला कळते. मात्र व्हिनेगरचा वास आला तर ग्लास खुशाल परत द्या, चांगला पब वाद न घालता बदलून देतो.

शाकाहारी लोकांनी एक नक्की विचारा, कारण बऱ्याच एलमध्ये गाळ खाली बसवायला माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास वापरतात आणि हे पाटीवर लिहिलेलं असेलच असं नाही. 'व्हीगन आहे का' एवढं विचारलं तरी पुरतं. 'अनफाइन्ड' म्हणजे असं काही न घालता तशीच ठेवलेली एल जरा गढूळ दिसते, ती खराब नसते.