तंबू आवरला की संग्रहालय गाठा

कॅम्पसाइट सकाळी सोडावी लागते आणि पुढची दुपारनंतरच ताब्यात मिळते. मधले तीन-चार तास भर उन्हात काढण्यापेक्षा निसर्ग-इतिहास संग्रहालय नेमकं तिथे बसवा.

१. मुक्काम बदलण्याचा दिवस धरा. सुट्टीचा वार आधी बघा. बऱ्याच ठिकाणी तो सोमवार असतो.

२. आत गेल्यावर आधी त्या प्रदेशाचं दालन. डायनासोर कुठे पळून जात नाहीत (मुलांना हे पटत नाही, ते सोडा).

३. पुढच्या मुक्कामी दिसू शकतील असे पक्षी, पावलांचे ठसे, खडक यांचे फोटो घ्या. प्रत्येक वेळी आधी पाटीचा फोटो, मग वस्तूचा. नाहीतर रात्री तंबूत चाळताना कुठला ठसा कोणाचा, काही कळत नाही. नेटवर्क नसलेल्या जागी हे फोटो फार कामाला येतात. फ्लॅश मात्र बंदच.

गाडीत राहिलेल्या गॅस कॅनिस्टरकडे (कॅम्पिंगच्या शेगडीची छोटी गॅसची टाकी) दुर्लक्ष नको. त्यावर सहसा ५० अंश सेल्सिअसची मर्यादा छापलेली असते आणि उन्हातली बंद गाडी ती ओलांडू शकते. गाडी सावलीतच लावा, सावली मिळत नसेल तर बेत सकाळच्या थंड वेळेपुरता आटोपता घ्या.