मेस दोन वेळची, मग नाश्त्याचं काय? विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोडला रूम घेऊन राहणाऱ्या बहुतेक मुलांची मेस दोन वेळची असते. नाश्त्याचं ज्याचं त्याने बघायचं. निफाड, सिन्नरहून पहाटेची एसटी धरणाऱ्यांचीही तीच गत. मी साडेसातचं प्रॅक्टिकल घेते. नऊच्या सुमारास कुणाचा हात थरथरतो, कुणी ब्युरेटचं (द्रव मोजायच्या नळीचं) तेच रीडिंग तीनदा घेतं. ‘काय खाल्लंस?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘मॅडम, चहा घेतला.’

चहालाच नाश्ता समजणं ही सर्वांत मोठी चूक. टपरीवरच्या कटिंगने भूक तेवढ्यापुरती मरते, पोट रिकामंच राहतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण स्वस्थ बसलेलं असतानाही शरीराच्या ऊर्जेतला सुमारे 20 टक्के वाटा त्याला लागतो. रात्री नऊला जेवून थेट दुपारी एकला ताटावर बसलात तर मध्ये 16 तास जातात. यकृतातली साठवलेली साखर तोवर गाडा ओढते, पण अनेकांचं लक्ष उडतं, चिडचिड होते.

चहा खाण्यासोबतच घेतला तर अन्नातलं लोहही कमी शोषलं जातं. मुलींनो, हे मनावर घ्या: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पोह्यांवर लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या. खाऊनही चक्कर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासा.

‘सकाळी भूकच लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी आदली रात्र आठवावी. साडेअकराला पार्सल, दोनपर्यंत मोबाईल. मग सातला भूक कुठून लागणार? आठवडाभर साडेआठला जेवून पाहा. नाश्ता करणाऱ्यांना गुण जास्त, असं अनेक पाहण्यांत दिसतं. पण त्यातले कित्येक वेळेवर झोपणारेही असतात. जागरण तसंच ठेवून नुसत्या पोह्यांनी केटी (नापास झालेला विषय) सुटायची नाही.

मिसळ सोडा असं नाशिकमध्ये कोण सांगेल? मटकी तर उत्तमच. फक्त पेपरच्या सकाळी रिकाम्या पोटी तर्री नको, पित्त खवळलं की तीन तास जड जातात.

खर्चाची अडचण खरी आहे. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 7 ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत गूळ आणि एक केळं घ्या. दोन उकडलेली अंडी किंवा रात्री भिजवलेले मूगही चालतील.

पेठ, सुरगाण्याकडच्या मुलांना नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी डब्यात आणायला संकोच वाटतो. 100 ग्रॅम नागलीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. भाकरी-चटणी खुशाल आणा. लॅबमध्ये खाता येत नाही, बाहेरच्या कट्ट्यावर बसा. हजेरी मी दहा मिनिटं उशिरा घेईन.