आधी डॉक्टर शोधा, मग पिल्लू आणा: नवीन कुत्रं घेताना या चुका टाळा

आमच्या बेळगावच्या अनगोळात कुणाकडे नवीन कुत्रं आलं की मला ते दोन-तीन दिवसांत कळतंच. रात्री अकराला फोन वाजतो. "काय ओ काका, पिल्लू परवा आणलं, आज काही खाईनाच झालंय. कुत्र्याचा डॉक्टर कोण चांगला?" घरात वीस-बावीस वर्षं कुत्री आहेत, त्यामुळे गल्ली मला अर्धा डॉक्टर समजते. डॉक्टर मी नव्हे. पण त्याच त्याच चुका बघून कावलोय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. पुढच्या वेळी फोन आला की हेच पाठवीन.

पिल्लू आलं, डॉक्टरचा पत्ता नाही

लोक पट्टा घेतात, गादी घेतात, नाव काय ठेवायचं यावर घरात मतदान घेतात. डॉक्टर मात्र पिल्लू आडवं पडल्यावर शोधायला निघतात, आणि पिल्लं बहुतेक शनिवारी रात्रीच आडवी पडतात.

वडगावातल्या आमच्या एका भाचीची गोष्ट सांगतो. जावईबापूंनी फोनवर फोटो बघून लॅब्रॅडॉर ठरवला. गुरुवारी पिल्लू घरात, सोबत लसीचं कार्ड. शनिवारी उलटी झाली. "गाडीतून आणलं, ऊन लागलं असेल," म्हणून दही-भात. रविवारी सकाळी रक्ताचे जुलाब. मग मेडिकलमधून माणसांची जुलाब थांबवायची गोळी आणून अर्धी चारली. संध्याकाळी मला फोन आला. जाऊन बघतो तर पोरगं पोत्यावर पसरलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक, आणि खोलीत तो वास. पार्व्हो म्हणजे पिल्लांच्या आतड्याला होणारा विषाणूचा जीवघेणा रोग. त्याचा वास एकदा नाकात गेला की माणूस जन्मभर विसरत नाही.

त्या रात्री आम्ही किती दारं वाजवली! सरकारी दवाखाना रविवारी बंद. एक डॉक्टर लग्नाला परगावी. एकांनी फोनवर सांगितलं, "मी म्हशीच बघतो ओ." शेवटी सोमवारी सकाळी एका दवाखान्यात सलाईन लागली. बुधवारी पहाटे पिल्लू गेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "शनिवारी आणायला पाहिजे होतं." पार्व्होवर थेट मारा करणारं खात्रीचं औषध दवाखान्यात मिळत नाही. सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक या जोरावर पिल्लाला चार-पाच दिवस तगवायचं असतं, आणि त्यात पहिला दिवस सगळ्यात मोलाचा. तो दिवस आम्ही दही-भातात घालवला.

कार्ड मी नंतर नीट बघितलं. लस टोचली की बाटलीवरचं छोटं स्टिकर कार्डावर चिकटवतात, त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असते. या कार्डावर स्टिकर नव्हतं, निळ्या पेनानं एक तारीख आणि एक फराटा, एवढंच. जन्मतारखेपासून मोजलं तर ती "लस" बाविसाव्या दिवशी दिलेली. खरी असती तरी एवढ्या लवकर उपयोग नव्हता, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती त्या वयात लसीला कामच करू देत नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तीन महिने भरल्यावर. हे सगळं होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत, दुसऱ्या कुत्र्यांत सोडायचं नाही. "थोडंसं फिरवून आणतो" हे वाक्य मी ऐकलं की माझं डोकं उठतं.

पुढची गंमत म्हणजे, दहाव्या दिवशी जावईबापू दुसरं पिल्लू आणायला निघाले. "फरशी फिनाइलनं तीनदा पुसलीय की मामा." फिनाइलनं पार्व्हो मरत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, फरशी आधी साबणानं धुवून मग हे पाणी दहा मिनिटं तसंच ठेवायचं. अंगणातल्या मातीत तर तो विषाणू वर्षभरसुद्धा टिकतो. पोतं, भांडं, पट्टा मी स्वतः उचलून टाकून दिला. दुसरं पिल्लू त्यांनी आठ महिन्यांनी आणलं, तेही लशी पूर्ण झालेलं. अजून माझ्यावर थोडा राग आहे त्यांचा.

तर डॉक्टर कसा शोधायचा? मी फोनवरच्या चांदण्या मोजत नाही. सकाळी सहाला टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात जातो आणि कुत्री फिरवणाऱ्यांना विचारतो. (नावावर जाऊ नका. तिथं एकेकाळी माणसांसाठी देवीची लस तयार व्हायची. एक नवखे गृहस्थ खरंच पिल्लू घेऊन लस कुठं टोचतात म्हणून विचारत फिरत होते.) ज्याचं कुत्रं दहा-बारा वर्षांचं आहे त्याला गाठा. त्याला विचारा, रात्री कुणी फोन उचलला होता. मग पिल्लू यायच्या आधी रिकाम्या हातानं त्या दवाखान्यात जा. रोज कुत्री किती येतात, रक्त तपासायची सोय कुठं आहे, लाईट गेली तर लसीच्या फ्रिजचं काय करता, हे विचारा. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते आणि आमच्याकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. या प्रश्नाचा राग येणारा डॉक्टर मी सोडून देतो.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकांबद्दल लोक वाईट बोलतात, ते मला पटत नाही. हाताला गुण असलेली माणसं आहेत तिथं. पण त्यांचा दिवस अडलेल्या म्हशीत आणि गाईंच्या रेतनात जातो. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरवर फोन केला की येणारी गाडीसुद्धा मुख्यतः गोठ्यातल्या जनावरांसाठी आहे. रेबीजच्या लसीला, जंताच्या औषधाला जरूर जा. कुत्र्याचं पोट फुगलंय, मूत्रपिंड बिघडलंय अशा वेळी दुसरा नंबर हाताशी पाहिजे.

हा दुसरा नंबर राज्य बघून ठरवू नका. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, कागवाड-अथणीकरांना मिरज-सांगली. चंदगडची माणसं उलट बेळगावला येतात. आजारी कुत्र्याला सीमाप्रश्न ठाऊक नसतो. फक्त लसीचं कार्ड आणि आधीच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून गाडीतच ठेवा, म्हणजे नव्या डॉक्टरला पहिल्यापासून रामायण सांगावं लागत नाही.

पस्तीस दिवसांचं पिल्लू

"लहान आणलं की लळा लागतो." चूक. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं आपल्याकडं कायद्यानंच बंद आहे. आई-भावंडांत राहिलं नाही की चावण्याचा जोर किती ठेवायचा हेच त्याला कळत नाही, मग पोरांचे हात ओरबाडले जातात. आणि लस न झालेल्या पिल्लाचा दात लागला तर "आपलंच आहे, पिल्लूच आहे" म्हणून हळद लावून बसू नका. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी माणसांचा दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हशीचं औषध कुत्र्याला

ही माझी दुसरी दुखरी नस. जून लागला की आमच्याकडं पाऊस आणि गोचीड बरोबरच येतात. गोठा असलेल्या घरात म्हशीवर मारायच्या गोचिडाच्या औषधाची बाटली कोनाड्यात असतेच. मग कुणीतरी हुशार म्हणतो, "एवढ्या मोठ्या म्हशीला काही होत नाही, तर कुत्र्याला काय होतंय?"

खानापूरकडच्या एका मित्रानं हेच केलं. बाटलीवर पाण्याचं प्रमाण लिहिलेलं असतं. यानं बुचानं मोजायच्या ऐवजी अंदाजे ओतलं, चार महिन्यांच्या पिल्लाला आंघोळ घातली आणि उन्हात बांधून ठेवलं. पिल्लानं अंग चाटलं. अर्ध्या तासात तोंडाला फेस, पाय लटलट कापायला लागले, मग आचके. नशीब की त्यानं लगेच फोन केला. भांडी घासायच्या लिक्विडनं दोनदा धू, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नको, पिल्लू टॉवेलात गुंडाळ आणि बाटली घेऊन निघ, एवढं मी सांगितलं. बाटली महत्त्वाची. त्यावरचं नाव वाचूनच डॉक्टरनं काय द्यायचं ते ठरवलं. ते पिल्लू आज सहा वर्षांचं आहे आणि बादली दिसली की अजून खाटेखाली शिरतं.

रॉकेल लावणारे वेगळेच. कातडी भाजते आणि गोचीड तिथंच.

मी काय करतो ते सांगतो. वजन करून डॉक्टरनं दिलेलं कातडीवर टाकायचं थेंबाचं औषध किंवा गोळी, कॅलेंडरवर तारीख लिहून. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली हात फिरवायचा. सापडलेली गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. नखानं चिरडायची नाही. पण खरी मेख कुत्र्यावर नसतेच. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते आणि फटीत हजारांनी अंडी घालते. आमच्या भागात कंपाउंड चिऱ्याचं, चिऱ्याला भोकं, आणि त्या भोकांत गोचिडाचं आख्खं गाव. एकदा टॉर्च घेऊन बघा. मी दर उन्हाळ्यात ती भोकं सिमेंटनं लिंपून घेतो. बायको म्हणते घराला रंग कधी द्यायचा. मी म्हणतो आधी भोकं.

कुत्रं सुस्त, ताप, हिरड्या फिक्या, नाकातून रक्त, असं काही दिसलं तर गोचीडताप असू शकतो. रक्त तपासल्याशिवाय अंदाजानं औषध सुरू करू नका.

बाकीच्या, थोडक्यात

शिजवलेली कोंबडीची हाडं देऊ नका, काचेसारखी फुटतात. माणसाची तापाची किंवा अंगदुखीची गोळी तर अजिबात नको.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत, हे अथणी-विजापूरकडच्या द्राक्षबागावाल्यांना सांगितलं की ते हसतात. गोकाकहून आलेला करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) टेबलावर उघडा ठेवू नका, त्यात बेदाणे असू शकतात. आमच्या बेळगावी कुंद्यानं, म्हणजे दुधाच्या मिठाईनं, मरणार नाही, पण रात्रभर तुम्हाला अंगणात उभं करेल.

बेळगाव थंड म्हणून हस्की आणू नका. एप्रिलमध्ये आमच्याकडं येऊन बघा. आणायचंच तर गावठी पिल्लू आणा. किंवा पळायला रान असेल तर मुधोळ बघा, जवळच्या बागलकोट जिल्ह्यातली जात आहे, घोरपड्यांच्या संस्थानानं जोपासलेली. पण त्याला फ्लॅटमध्ये कोंडणाऱ्याला मी पत्ता देत नाही.

एका घरात मुलं "कम" म्हणतात, आजी "इकडं ये" म्हणते आणि वडील कन्नडमध्ये "बा". कुत्रं तिघांकडं बघत बसतं आणि सगळे म्हणतात ढ आहे. एक शब्द ठरवा. आमच्या राणीला "बा" कळतं, लहान आहे आणि जोरात हाक मारता येते.

गोव्याला जाताना कुत्रं कुठं ठेवायचं? राहायची सोय करणारा तुमच्याकडं लसीचं कार्ड मागत नसेल तर तिथूनच परत फिरा. तो इतरांकडंही मागत नसणार. आणि पहिल्यांदाच आठ दिवस ठेवू नका, आधी एक रात्र ठेवून बघा.

शेवटचं, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती विसर्जन आणि दिवाळी. या तीन वेळी डीजे आणि फटाक्यांना घाबरून कुत्री साखळी तोडून पळतात. त्या रात्री आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा जोरात. पट्ट्यावर फोन नंबर हवाच, पण स्केचपेननं लिहू नका, पहिल्याच पावसात पुसला जातो. किल्ल्या बनवणाऱ्याकडून पितळेच्या बिल्ल्यावर कोरून घ्या. नाव नको, नंबर फक्त, आणि तोही दोन्ही बाजूंनी.