वर्षाचे धान्य आणि महिन्याचा किराणा: खरेदी, मोजमाप आणि राखण

किराण्यावरचा खर्च कमी करायचा म्हटले की बहुतेक जण सवलतीच्या जाहिराती पाहू लागतात. पण घरखर्चात खरी बचत होते ती प्रत्येक जिन्नस त्याच्या हंगामात, घराला लागेल तेवढाच आणि टिकेल तेवढाच घेतल्याने. वर्षाचे धान्य भरण्याची आपल्याकडची जुनी रीत याच हिशेबावर उभी आहे. ती लहान घरातही पाळता येते, मात्र आधी थोडे मोजमाप करावे लागते.

डबा भरताना त्याच्या तळाशी किंवा झाकणाच्या आत तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी आणि डबा रिकामा झाला की किती दिवस पुरला ते वहीत टिपावे. तूरडाळ किलोला दहा दिवस पुरत असेल, तर वर्षाला साधारण साडेछत्तीस किलो लागते. त्यातून गावी जाण्याचे आणि बाहेर जेवण्याचे दिवस वजा केले, तर तीस किलोची बेगमी पुरेशी ठरते आणि उरलेली गरज महिन्याच्या यादीत भागते. दोन-तीन महिने अशी नोंद ठेवली, की अंदाजाने जास्त घेतलेल्या आणि पुढे किडीच्या तोंडी गेलेल्या जिनसा कोणत्या ते आपोआप कळते. फेकून दिलेली दोन किलो डाळ ही भावातल्या कोणत्याही सवलतीपेक्षा महाग पडते.

आता हंगाम. ज्वारी, हरभरा आणि गहू हे रब्बीचे धान्य फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बाजारात येते, आणि लोकवन असो वा सिहोर, गव्हाची वर्षाची खरेदी तेव्हाच करावी, कारण आवक भरपूर असते आणि पुढे वाळवायला कडक ऊनही मिळते. नवी तूर जानेवारीपासून निघते, त्यामुळे तिची डाळ उन्हाळ्यात घेणे सोयीचे. दिवाळीच्या तोंडावर डाळीचा साठा संपलेला असणे सहसा महागात जाते. मूग आणि उडीद खरिपाचे, म्हणून ते पावसाळा सरताना पाहावेत. तांदूळ भातकापणीनंतर येतो, परंतु नवा तांदूळ चिकट शिजतो आणि जुना मोकळा होतो, तेव्हा रोजच्या भातासाठी कोलम घेताना तो किती जुना आहे हे दुकानदाराला विचारूनच भाव ठरवावा. मिरची, हळकुंडे, धणे आणि चिंच यांची खरेदी मार्च ते मे या महिन्यांत उरकावी. चिंच मात्र चिंचोके काढून, मीठ लावून बरणीत दाबून भरली तरच वर्षभर टिकते. कांद्याच्या बाबतीत रंगरूपापेक्षा हंगाम महत्त्वाचा आहे: पावसाळ्यानंतर येणारा खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, तर उन्हाळी कांदा हवेशीर जागी पसरून ठेवल्यास काही महिने राहतो. तो बटाट्यांजवळ ठेवू नये.

दुकानात पाकिटाच्या किमतीपेक्षा त्याच्या वजनाकडे आधी पाहावे. 900 ग्रॅमचे पाकीट 150 रुपयांना आणि एक किलोचे 162 रुपयांना असेल, तर पहिले स्वस्त वाटते, पण त्याचा किलोचा दर जवळजवळ 167 रुपये पडतो. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते. त्याहून कमी वजनाच्या पिशव्याही तशाच आकारात मिळतात, म्हणून ग्रॅमचा आकडा वाचल्याशिवाय दोन पिशव्यांची तुलना करू नये. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील वेष्टनातील धान्य, डाळी आणि पिठांवर 5 टक्के जीएसटी लागू झाला, सुट्या मालावर तो लागला नाही. त्यामुळे ओळखीच्या वाण्याकडचा पारखून घेतलेला सुटा माल बऱ्याचदा परवडतो. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एक पोते घेऊन वाटून घेतले, तर घाऊक भाव मिळतो आणि कोणाच्याही घरी अडगळ होत नाही.

एवढे करून आणलेले धान्य राखण्यात हयगय झाली, तर सगळा हिशेब फुकट जातो. गहू चाळून, निवडून दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरावा. दाणा दाताखाली धरल्यावर कट्ट आवाज करून तुटला, तर तो नीट वाळला आहे. दबला, तर त्यात अजून ओल आहे. उन्हातला गरम गहू लगेच कोठीत भरू नये, कारण तो आत निवताना वाफ धरते आणि त्याच ओलीवर बुरशी व टोके वाढतात. रात्रभर घरात पसरून तो पूर्ण गार होऊ द्यावा. मग परातीत दोन-तीन किलो घेऊन, किलोमागे लहान चमचाभर एरंडेल तळहातांना लावून दाण्यांना हलक्या हाताने चोळावे, म्हणजे प्रत्येक दाण्यावर पुसटशी चकाकी येते आणि हात तेलकट राहत नाहीत. तूरडाळीलाही हीच रीत चालते. ती शिजवण्यापूर्वी धुतली की तेल निघून जाते. तांदूळ मात्र उन्हात घालू नये, त्याला चिरा जाऊन कणी होते. त्यात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ठेवावा.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर खाण्याच्या धान्यात घालू नये, कारण दोन्ही विषारी आहेत. सेल्फॉससारख्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेऊ शकतो. अशा गोळ्यांनी वाचवलेल्या धान्यापेक्षा कीड लागलेले धान्य पक्ष्यांना घातलेले केव्हाही बरे.

पिंप किंवा कोठी लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावी, आणि धान्य काढायचे भांडे नेहमी कोरडे असावे. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत वर्षाचा साठा करण्याचा अट्टहास धरू नये. तेथे दोन-तीन महिन्यांचेच भरणे शहाणपणाचे आहे. पिठे तर कोठेही थोडीच दळून आणावीत, विशेषतः बाजरीचे, कारण ते आठवड्याभरातच कडवट होऊ लागते. रवा मंद आचेवर कोरडा भाजून, गार करून भरल्यास त्यात जाळी होत नाही. शेंगदाण्यांचा कूटही लागेल तसाच करावा, कारण तो लवकर खवट होतो.

भरलेले कोठार स्वयंपाकात वापरले गेले तरच पैसा वाचतो. मुसळधार पावसात भाज्या कडाडतात तेव्हा आठवड्यातले दोन-तीन दिवस मोड आलेल्या मटकीची उसळ, पिठले, सांडग्यांची आमटी, कुळथाचे पिठले किंवा भिजवलेल्या कडव्या वालांचे बिरडे असा बेत ठेवला, की मंडईतला खर्च लक्षणीय उतरतो. म्हणून आठवड्याचा बेत ठरवताना आधी डबे उघडून पाहावेत आणि मगच भाजीची यादी करावी.

श्रावणात उघडीप मिळाली की प्रत्येक पिंपात खोलवर हात घालून पाहावे. धान्य उबट लागले किंवा पीठ पडलेले दिसले, तर तेवढे त्याच दिवशी काढून, चाळून, ऊन देऊन आधी वापरायला घ्यावे. फाल्गुनात नवे धान्य येण्यापूर्वी जुने संपत येईल असा बेत करावा, उरलेले वेगळ्या डब्यात काढावे, रिकामे पिंप धुऊन उन्हात खडखडीत वाळवावे, आणि जुन्या धान्यात नवे कधीही मिसळू नये.