साइन-अप बोनसवर भारतात जायचंय? नवं कार्ड घेण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत डिसेंबरच्या तिकिटांचा विषय उन्हाळ्यातच निघतो. नवरा-बायको आणि दोन मुलं, न्यूअर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबई आणि परत. सुट्टीच्या दिवसांत हा आकडा सहा-सात हजार डॉलरच्या घरात सहज जातो. क्रेडिट कार्डांचे साइन-अप बोनस इथे खरोखर उपयोगी पडतात. नवं कार्ड घ्यायचं, पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च करायचा, साठ-सत्तर हजार पॉइंट्स मिळवायचे. यात काही काळंबेरं नाही, पॉइंट्स मिळतातच.

तरीही पॉइंट्स खात्यात नुसते पडून आहेत आणि तिकिटं मात्र पूर्ण पैसे मोजून काढली जाताहेत, असं चित्र मी अनेक घरांत पाहते. दोष बहुतेक वेळा क्रमाचा असतो. जाहिरातीतला मोठा आकडा बघून आधी कार्ड घेतलं जातं, मग पॉइंट्स जमतात आणि विमान शोधायची वेळ सगळ्यांत शेवटी येते. हे उलट्या बाजूनं करायला हवं. कधी आणि कुठून जायचं ते आधी ठरवा. त्या मार्गावर कुठल्या एअरलाइनचे माइल्स, म्हणजे एअरलाइनचे स्वतःचे पॉइंट्स, चालतात ते बघा. त्या एअरलाइनकडे पॉइंट्स वळवता येतील असं कार्ड त्यानंतर निवडा.

जागा न बघता पॉइंट्स जमवणं

माइल्सवर मिळणाऱ्या जागा वेगळ्या आणि मोजक्या असतात. विमानात शंभर खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी माइल्सवाल्यांसाठी दोनच उघडलेल्या असू शकतात. बहुतेक एअरलाइन्स साधारण अकरा महिने आधी बुकिंग खुलं करतात. त्यामुळे डिसेंबरच्या चार जागा हव्या असतील तर आधीच्या जानेवारी-फेब्रुवारीतच हातात पॉइंट्स हवेत. ऑक्टोबरमधे बोनस जमा होणारं कार्ड त्याच वर्षीच्या डिसेंबरला उपयोगी पडेल या भरवशावर राहू नका. ते पुढच्या वर्षासाठी धरा.

तारखा थोड्या हलवता आल्या तर फार फरक पडतो. शाळेत जाणारी मुलं नसतील तर गणपतीला जा. अमेरिकेत सप्टेंबरला शाळा सुरू झालेल्या असतात, उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते आणि जागा डिसेंबरच्या मानानं सहज मिळतात.

मार्गांचं म्हणाल तर तीन नावं लक्षात ठेवा. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटात आहे. त्यामुळे तिची तिकिटं एअर कॅनडाच्या एरोप्लान माइल्सवर काढता येतात, आणि एरोप्लानकडे चेस, अमेरिकन एक्सप्रेस, कॅपिटल वन अशा अनेक बँकांचे पॉइंट्स वळवता येतात. एअर फ्रान्स-केएलएमचा फ्लाइंग ब्लू हा माइल्सचा कार्यक्रम दुसरा पर्याय. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमवरून जावं लागतं, पण माइल्सवर काढलेल्या तिकिटात दोन ते अकरा वर्षांच्या मुलांना २५ टक्के सूट मिळते, म्हणून लहान मुलांच्या घरांनी तो आधी तपासावा. कतार एअरवेजचे माइल्स, म्हणजे एव्हिऑस, हा तिसरा.

आई-वडिलांना इकडे बोलवायचं असेल तर त्यांच्या नावावर माइल्स असण्याची गरज नसते. बहुतेक कार्यक्रमांत तुमच्या खात्यातून कोणाचंही तिकीट काढता येतं. पण दहा हजार माइल्स वाचवण्यासाठी सत्तरीच्या आईला दोन ठिकाणी विमान बदलायला लावू नका. थेट किंवा एकाच थांब्याचं विमान आणि आधी नोंदवलेली व्हीलचेअर यावर जास्तीचे माइल्स गेले तरी ते योग्यच ठिकाणी गेले असं मी म्हणेन.

ट्रान्सफरची घाई

बँकेचे पॉइंट्स एअरलाइनकडे एकदा पाठवले की परत येत नाहीत. ही चूक सगळ्यांत महागात पडते, कारण ती दुरुस्तच करता येत नाही. ‘या महिन्यात ट्रान्सफरवर २५ टक्के जास्त’ असं वाचून लोक पॉइंट्स हलवतात, आणि मग कळतं की आपल्या तारखांना जागाच नाही. तारीख, जागा, माइल्स आणि वरचे कर हे सगळं स्क्रीनवर समोर दिसत असेल तेव्हाच ट्रान्सफर करा. बरेचसे ट्रान्सफर काही मिनिटांत होतात, पण काहींना एक-दोन दिवस लागतात, तेवढ्यात जागा जाऊ शकते. म्हणून आपल्या एअरलाइनला किती वेळ लागतो ते आधी शोधून ठेवा.

वरचे कर म्हटलं ते उगीच नाही. ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक माइल्सच्या तिकिटावरही भरपूर सरचार्ज लावतात. माणशी तो शेकडो डॉलरपर्यंत जाऊ शकतो, आणि ‘फुकट’ तिकीट रोखीच्या तिकिटाच्या जवळ जाऊन बसतं. एरोप्लान असा सरचार्ज घेत नाही, नेहमीचे कर आणि दुसऱ्या एअरलाइनच्या तिकिटासाठी एक छोटी फी तेवढी लागते.

नावाची भानगड आपल्या लोकांना हमखास भेटते. भारतीय पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव सलग असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. बँकेत आपण नुसतं नाव-आडनाव दिलेलं असतं. एअरलाइनच्या खात्यात कधी मधलं नाव पहिल्या नावाला चिकटवलेलं, कधी लग्नाआधीचं आडनाव राहून गेलेलं. दोन्हीकडची नावं जुळली नाहीत तर ट्रान्सफर अडकू शकतो. एअरलाइनचं खातं पासपोर्टप्रमाणे उघडा, बँकेतलं नाव त्याच्याशी पडताळा आणि दुरुस्ती करायची तर पॉइंट्स हलवण्याच्या महिनाभर आधी करून घ्या.

मिनिमम स्पेंडचा चुकलेला हिशेब

बोनससाठी ठरावीक खर्च (मिनिमम स्पेंड) करायची मुदत कार्ड मंजूर झालं त्या दिवसापासून मोजतात, कार्डाचं पाकीट घरी आलं त्या दिवसापासून नाही. म्हणजे आठवडाभर तिथेच गेला. मंजुरीची ईमेल आली की कॅलेंडरमधे शेवटची तारीख टाका, तीही दोन आठवडे अलीकडची.

समजा पाच हजार डॉलर खर्च करायचे आहेत. डे-केअरचे महिन्याला १,४०० धरले तर तीन महिन्यांचे ४,२०० झाले. गाडीच्या विम्याचा सहामाही हप्ता एकरकमी भरला, ९०० डॉलर. एकूण ५,१००. छान जमलं असं वाटतं. पण लोक त्याच कार्डावर घेतलेलं ३०० डॉलरचं एखादं सामानही बेरजेत धरतात, मग ते सामान परत करतात, आणि परताव्याची रक्कम एकूण खर्चातून वजा होते. कार्डाची वार्षिक फीही यात धरली जात नाही. कॅश ॲडव्हान्स, बॅलन्स ट्रान्सफर, मनी ऑर्डर हेही नाही. गिफ्ट कार्डं घेऊन आकडा गाठायचा तर अमेरिकन एक्सप्रेसच्या अटींत ती स्पष्टपणे वगळलेली आहेत. तेव्हा पाच हजारांसाठी साडेपाच हजारांची तयारी ठेवा.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्या: तुमचा खर्च जिथे होतो तिथे ते कार्ड चालतं का? अमेरिकेतलं कॉस्टको दुकानात फक्त व्हिसाचीच क्रेडिट कार्डं घेतं. महिन्याचा किराणा तिथून भरणाऱ्यानं अमेरिकन एक्सप्रेसचं कार्ड घेतलं तर अर्धा हिशेब तिथेच कोलमडतो. डे-केअरवाले कार्डावर जास्तीचे तीन टक्के लावतात का, तेही विचारा. फी भरूनच खर्च करायचा झाला तर त्यातल्या त्यात फेडरल टॅक्स बरा. तो कार्डानं भरता येतो आणि मधली कंपनी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास घेते.

सुट्टीत भारतात गेल्यावर दागिने-साड्यांवर उरलेला आकडा पूर्ण करू, असाही बेत असतो. चालेल, पण कार्डावर फॉरेन ट्रान्झॅक्शन फी नाही ना ते पाहा. तीन टक्के फी असेल तर ४,००० डॉलरवर १२० डॉलर जातात.

व्याज

पूर्ण बिल दर महिन्याला भरता येत नसेल तर हे सगळं सोडून द्या, हे मी अगदी कळकळीनं सांगते. प्रवासाच्या कार्डांचा व्याजदर साधारण वर्षाला २० टक्क्यांच्या वरच असतो. २४ टक्के धरला तर ४,००० डॉलरच्या थकबाकीवर महिन्याला सुमारे ८० डॉलर होतात. सहा-आठ महिने तशीच राहिली तर त्या पैशात एका माणसाच्या तिकिटाचा मोठा भाग निघाला असता. ऑटोपे लावताना ‘मिनिमम पेमेंट’ नाही, ‘स्टेटमेंट बॅलन्स’ निवडलंय ना ते उघडून बघा. पहिल्या बिलाला ऑटोपे लागू झालाय याची खात्री करा, नाहीतर पहिलं बिल हातानं भरा.

अर्ज का नाकारला जातो

चेसचा ५/२४ नियम बँक जाहिरातीत सांगत नाही, पण तो सगळ्यांना आडवा येतो. गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकेची मिळून पाच किंवा जास्त वैयक्तिक कार्डं उघडली असतील तर चेस सहसा नवं कार्ड देत नाही. म्हणून चेसची कार्डं आधी, बाकीची नंतर. दुकानात दहा टक्के सूट मिळते म्हणून घेतलेलं कार्डही या पाचांत मोजलं जाऊ शकतं.

अमेरिकन एक्सप्रेस एका प्रकारच्या कार्डावर साधारणपणे आयुष्यात एकदाच बोनस देते. त्यामुळे छोटा बोनस चालू असताना घाईनं ते कार्ड घेऊ नका. बोनस मिळणार नसेल तर अर्ज भरताना तशी सूचना स्क्रीनवर येते. ती आली की अर्ज तिथेच सोडा, तोवर क्रेडिट तपासलेलं नसतं.

क्रेडिट फ्रीझ करून ठेवलं असेल, म्हणजे तुमची क्रेडिटची माहिती नव्या अर्जांसाठी बंद केली असेल, आणि ते ठेवावंच, तर अर्जाआधी ते उघडा. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन, ट्रान्सयुनियन या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे ही सोय फुकट आहे. कॅपिटल वन तिन्ही ठिकाणी चौकशी करते, एक जरी बंद राहिलं तरी अर्ज अडतो. नकार आलाच तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बँकेत अर्ज टाकू नका. आधी कारणाचं पत्र वाचा, अर्जाचा फेरविचार करणाऱ्या बँकेच्या रीकन्सिडरेशन विभागाला फोन करा. पत्त्यातली चूक, फ्रीझ, त्याच बँकेच्या दोन कार्डांत वाटून घेता येणारी मर्यादा अशी कारणं फोनवर सुटू शकतात. नुकतंच अमेरिकेत आलेल्यांचं मात्र बहुधा क्रेडिट हिस्टरीच कमी असते. त्यांनी फी नसलेलं एक साधं कार्ड वर्षभर नीट वापरावं.

घर घ्यायचं असेल तर कर्जाच्या अर्जाआधी काही महिने आणि घर ताब्यात येईपर्यंत नवं कार्ड अजिबात नको. कर्ज देणारे शेवटच्या टप्प्यात क्रेडिट पुन्हा बघतात.

बायकोला ऑथराइझ्ड यूजर करणं

आपल्याकडे सर्रास होतं. नवऱ्याच्या कार्डावर बायकोचं नाव जोडलं की दोघांचं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात त्यावर वेगळा बोनस मिळत नाही, उलट ते कार्ड तिच्या ५/२४ मधे मोजलं जातं. तिचा एसएसएन असेल आणि क्रेडिट हिस्टरी तयार असेल तर तिनं स्वतःच्या नावावर कार्ड घ्यावं. आधी एकानं घ्यायचं, खर्च पूर्ण झाला की त्याच्या रेफरल लिंकवरून दुसऱ्यानं. दोन बोनस आणि वर रेफरलचे पॉइंट्स. मात्र रेफरलच्या पॉइंट्सवर बँक १०९९ फॉर्म पाठवू शकते, तो टॅक्स भरताना विसरू नका. नुकत्याच आलेल्या एच-फोरवरच्या जोडीदाराला सुरुवातीची हिस्टरी मिळावी म्हणून नाव जोडणं ठीक आहे.

बोनस मिळाल्याबरोबर कार्ड बंद करणं

पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी बंद करू नका, दिलेला बोनस परत घेतला जाऊ शकतो. वार्षिक फी दुसऱ्यांदा लागली की बँकेशी बोला. साधारण महिनाभरात बंद केलं किंवा फी नसलेल्या कार्डात बदललं तर ती फी बहुधा परत मिळते. त्याआधी पॉइंट्सचं काय होणार ते विचारा. चेसचं सफायर कार्ड त्यांच्याच फी नसलेल्या फ्रीडम कार्डात बदललं तर पॉइंट्स राहतात, पण एअरलाइनकडे पाठवायची सोय जाते. अमेरिकन एक्सप्रेसचं पॉइंट्स देणारं शेवटचं कार्ड बंद केलं तर उरलेले पॉइंट्सच जातात.

खर्च झाला, बोनस आला नाही

आधी पुढचं स्टेटमेंट निघेपर्यंत थांबा, बोनस बऱ्याचदा त्यानंतरच जमा होतो. तरी आला नाही तर पोस्ट झालेल्या खरेद्यांची बेरीज करा आणि परतावे व फी वजा करा. अर्ज करताना ऑफरच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवला असेल तर काम सोपं होतं, कारण ऑफर बदलते आणि जुनं पान नंतर सापडत नाही. बँकेच्या ॲपमधून लेखी संदेश पाठवा: मंजुरीची तारीख, मुदत संपल्याची तारीख, त्या काळातली बेरीज आणि स्क्रीनशॉट. फोनपेक्षा लेखी बरं, उत्तरही लेखी हातात राहतं. बेरीज कमी भरली आणि मुदत शिल्लक असेल तर येत्या सहा महिन्यांत लागणारच आहे असं काहीतरी आजच घ्या: गाडीचे टायर, मुलांचे बूट किंवा विम्याचा पुढचा हप्ता.