माकडांच्या विष्ठेतून मलेरियाचे परजीवी शोधायला निघण्याआधी

मागच्या हंगामात सिंधुदुर्गातल्या लाल तोंडाच्या माकडांचे नमुने तपासले आणि जेलवर (डीएनएचे तुकडे पट्टीसारखे दाखवणाऱ्या थरावर) फाल्सिपॅरमची पट्टी दिसली. माणसाचा जीव घेणारा परजीवी, आणि तो माकडात! दोन रात्री मला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी सरांनी एवढंच विचारलं, "जंगलातली कोरी नळी कुठे आहे?" कोरी म्हणजे नमुना न घालता बाकी सगळं तसंच केलेली नळी. ती नव्हती. आता ती पट्टी माकडाची, माझ्या हाताची की लॅबमधल्या पॉझिटिव्ह कंट्रोलची (तपासणी चालते हे पाहायला ठेवलेल्या परजीवीच्या डीएनएची), हे कोणीही सांगू शकत नाही. सगळा हंगाम वाया गेला. पुन्हा निघतोय, म्हणून हे लिहून ठेवतोय.

वनखात्याची लेखी परवानगी आधी. माकडाला हात लावणार नसलात तरी ती लागते, आणि हातात यायला महिने जातात. ग्लोव्हज, मास्क, बूट, थंड पेटी हे सांगायला नको. लेबलं मात्र पेन्सिलीने लिहा, शाई ओली झाली की पसरते. अंगभर कपडे घाला आणि संध्याकाळी गोचिड्या तपासा. 2016 साली दोडामार्ग तालुक्यात गोचिड्यांतून पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली होती. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटोसाठीसुद्धा नको. वनखात्याला कळवा आणि पुढे चला.

आता नळ्या. नमुन्यांना लागतील तितक्या मोजल्यात ना? मग त्यावर कोऱ्या मोजा, दर दहांमागे एक. नळीत आरएनएलेटर (नमुना टिकवणारं द्रव) भरलेलं, बाकी काही नाही. जंगलात, विष्ठेशेजारीच, ती उघडायची, नवी काडी त्यात बुडवायची आणि झाकण लावायचं. नंबर इतरांसारखाच द्यायचा, म्हणजे लॅबमध्ये ती कोरी आहे हे कोणाला कळणार नाही. "परत आल्यावर एक कोरी करू" असं मीही म्हणालो होतो. परत आल्यावर केलेली नळी जंगलातल्या चुकीबद्दल काहीच सांगत नाही.

माकडं झोपतात ती झाडं आदल्या संध्याकाळी हेरून ठेवा आणि उजाडताच खाली पोचा. विष्ठा ताजी हवी. चमचाभर विष्ठा आणि साधारण तेवढंच आरएनएलेटर, नीट ढवळून. दर नमुन्याला नवी काडी आणि नवे ग्लोव्हज. त्याच भागात वानरंही असतात, तेव्हा विष्ठा टाकताना कोण दिसलं ते लिहा. दिसलं नसेल तर तसंच लिहा. प्राणी कोणता हे पुढे डीएनएवरूनही ताडून घ्यावं लागतं.

एवढं काटेकोर का, तर परजीवी राहतो यकृतात आणि रक्तात, विष्ठेत उतरतात ते त्याच्या डीएनएचे कण. म्हणून मायटोकॉन्ड्रियातलं सायटोक्रोम बी जनुक शोधतात, कारण एका परजीवीत त्याच्या बऱ्याच प्रती असतात. तरीही नेस्टेड पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या लागोपाठ दोन फेऱ्या, लागतं. पहिल्या फेरीचा माल उघडून दुसऱ्या फेरीत घालायचा असतो. त्या उघडण्यात उडालेला न दिसणारा थेंब शेजारच्या नळीत पडला की तीही पॉझिटिव्ह. म्हणून कोऱ्या नळ्या तीन जागी हव्यात: जंगलातली, डीएनए काढतानाची आणि पीसीआरमध्ये नुसत्या पाण्याची. तीन. पाण्याची एकटी पुरत नाही. माझ्याकडे तीच तेवढी होती.

पद्धतीवर शंका नको. मध्य आफ्रिकेतल्या गोरिला, चिंपांझी अशा वानरकुळाच्या जवळपास 3,000 विष्ठा-नमुन्यांवरूनच 2010 साली फाल्सिपॅरमचं मूळ गोरिलांत असल्याचं दाखवलं गेलं. आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांत सायनोमॉल्गी, इनुई, फ्रॅजाइल हे परजीवी पूर्वीपासून माहीत आहेत. त्यांच्यात फाल्सिपॅरम सापडल्याचा दावा करायचा तर पुरावा तितकाच भक्कम लागतो.

पशुवैद्यांनी एखाद्या माकडाचं रक्त दिलंच तर जाड आणि पातळ दोन्ही स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर) करा. मिथेनॉल फक्त पातळला. पण नुसत्या सूक्ष्मदर्शकावर विसंबू नका. मलेशियातल्या सारावाकमधल्या कापित इथे माणसांच्या स्मिअरमध्ये मलेरिए या जातीचे समजले गेलेले परजीवी पीसीआरमध्ये माकडांतल्या नोलेसी जातीचे निघाले. तो अभ्यास 2004 चा, 208 रुग्णांपैकी 120 जणांत नोलेसी. रक्ताचा थेंब फिल्टर पेपरवर घेणार असाल तर एक कोरा कागदही शेजारी वाळवा.

लॅबमध्ये पीसीआर जुळवायची खोली वेगळी, जेलची वेगळी, पिपेटसुद्धा वेगळे. पॉझिटिव्ह कंट्रोल सगळ्यात शेवटी घाला. एकाच नमुन्याचं पीसीआर अनेकदा करा, एका निगेटिव्हवरून माकड निरोगी ठरवू नका. पट्टी आली की सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं), त्याआधी कोणाला फोन नाही. कोऱ्या नळीत पट्टी आली तर ती सगळी खेप बाद, पुन्हा पहिल्यापासून.

पेटी बंद करण्याआधी कोऱ्या नळ्या मोजा. मी आत्ताच मोजल्या, सहा आहेत.